रद्दी कोठे नाहीशी झाली?

वाण्याच्या दुकानामागे साठलेली पुठ्ठ्याची रिकामी खोकी तुम्ही पाहिली असतील. रद्दीवाला ती तोलून नेतो. अशी रद्दी समुद्र ओलांडून परदेशीही जाते. २०१२ साली चीनने इतर देशांकडून सुमारे ३ कोटी टन रद्दी विकत घेतली. २०२० साली हा आकडा सुमारे ६९ लाख टनांवर आला आणि पुढच्या वर्षी तो अगदीच नगण्य झाला. यावरून चीनची परदेशी रद्दीची गरज संपली, असे म्हणता येईल काय?

उत्तर देण्यापूर्वी रद्दी लागते कशाला, ते पाहू. कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचे जाळे होय. रद्दी पाण्यात घुसळली की तंतू सुटे होतात व लगदा तयार होतो. मात्र प्रत्येक फेरीत तंतू तुटून आखूड होतात. पाच-सात फेऱ्यांनंतर ते कागदाला बळकटी देऊ शकत नाहीत. म्हणून लगद्यात लांब तंतू मिसळावे लागतात. अमेरिकेतील खोक्यांत पाइनसारख्या सूचिपर्णी वृक्षांचे लांब तंतू भरपूर असतात. चीनच्या कारखान्यांना तेच हवे होते.

पण रद्दीबरोबर प्लॅस्टिक, काच, खरकटे असा कचराही येई. म्हणून मार्च २०१८ पासून चीनने अर्ध्या टक्क्याहून अधिक भेसळ असलेली रद्दी नाकारली आणि १ जानेवारी २०२१ पासून घनकचऱ्याची आयातच बंद केली. तेव्हा चिनी कंपन्यांनी मलेशिया, लाओस अशा देशांत कारखाने उभारले. तेथे परदेशी रद्दीचा लगदा करून, तो वाळवून चीनला पाठवला जाऊ लागला.

आता गंमत पाहा. १९८८ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात रद्दीचा क्रमांक ४७०७ आहे. रद्दीपासून केलेला लगदा मात्र ४७०६ मध्ये मोडतो. म्हणजे पूर्वी एका रकान्यात दिसणाऱ्या तंतूंपैकी काही आता शेजारच्या रकान्यात दिसतात. केवळ पहिला रकाना पाहणाऱ्याची फसगत ठरलेली!

काही कागद तर कोणत्याच रकान्यात सापडत नाही. चीनमधून अमेरिकेला खेळणी जातात, ती पुठ्ठ्याच्या खोक्यात. हे खोके खेळण्याबरोबरच मोजले जाते, त्याची ‘कागद’ म्हणून वेगळी नोंद होत नाही. अमेरिकेची रद्दी चीनला गेलेली दिसते, पण तीच खोक्याच्या रूपाने परतलेली दिसत नाही.

पैशांतील आकडेही जपून वाचावेत. समजा, एका देशाने दोन्ही वर्षी १०० टन कागद विकला. पण टनाचा भाव ५०० वरून ७५० डॉलर झाला. निर्यात दीडपट झाली, असे कोष्टक सांगेल. प्रत्यक्षात एक किलोही कागद अधिक गेलेला नाही. म्हणून वजन आणि किंमत हे दोन्ही आलेख शेजारी-शेजारी काढावेत.

करून पाहा : महिनाभरात घरी आलेल्या कागदी वस्तूंचे वजन करा. वही, वर्तमानपत्र असा ‘कागद’ म्हणून घेतलेला कागद एका रकान्यात लिहा. साबण, औषध, चप्पल यांच्याबरोबर आलेला कागद व पुठ्ठा दुसऱ्यात लिहा. कोणता रकाना जड भरतो?