'सारी मारे' नेमकी कोणाची?

लोकगीताचा कर्ता शोधताना आपण बहुधा प्रश्नच चुकीचा विचारतो. 'हे गाणे कोणी लिहिले?' असे विचारले की एकच नाव आणि एकच साल अपेक्षित असते. पण चाल, शब्द आणि गाण्यातले नाव या तीन गोष्टी तीन वेगळ्या ठिकाणांहून आलेल्या असू शकतात. बंद पडलेले सर्किट तपासताना आपण एकेक भाग वेगळा काढून पाहतो, तसेच येथे करायचे.

उदाहरण म्हणून दक्षिण आफ्रिकेतील 'सारी मारे' हे गाणे घेऊ. ते आफ्रिकान्स भाषेत, म्हणजे तेथे डचपासून वेगळ्या झालेल्या भाषेत आहे. गाणारा आहे एक बोअर, म्हणजे मुख्यतः डच वंशाचा शेतकरी. दूर असलेल्या सारीची तो आठवण काढतो. युद्धापूर्वी ती मूई नदीकाठी राहत होती. मला जुन्या ट्रान्सवालला, मक्याच्या शेतांकडे परत न्या, असे तो म्हणतो.

आधी चाल पाहू. अमेरिकेत 1865 साली 'एली री' हे गाणे छापले गेले. ते सहसा सेप्टिमस विनर यांच्या नावावर सांगतात. त्यात टेनेसीपासून दुरावलेला एक कृष्णवर्णीय माणूस पिवळ्या मक्याच्या शेतांकडे, आपल्या एलीकडे परत जायचे म्हणतो. चाल जुळते, ध्रुपदाची कल्पना जुळते आणि मकासुद्धा जुळतो. इतके साम्य योगायोगाने येत नाही. प्रवासाची वाटही माहीत आहे. अमेरिकी धाटणीची मिन्स्ट्रेल गाणी 1860 च्या दशकातच केपटाऊनला पोहोचली होती, आणि 1886 नंतर सोन्याच्या खाणींमुळे अमेरिकी माणसेही ट्रान्सवालमध्ये आली. चालीपुरता वाद माझ्या मते येथे संपतो.

खरा वाद शब्दांचा आहे. एका दाव्यानुसार पत्रकार व कवी जे. पी. टूरिन यांनी 1889 च्या सुमारास 'एली री'चे आफ्रिकान्स रूप केले आणि एलीच्या जागी आपली पत्नी सारी मारे हिचे नाव घातले. दुसऱ्या हकिकतीनुसार हे घडले 1899–1902 च्या बोअर युद्धात. जनरल बोथा यांच्या एका अधिकाऱ्याची पत्नी एला डी वेट पियानोवर 'एली री' वाजवत असे आणि बोअर सैनिक गात. तेथील धर्मोपदेशक पॉल नेल आपल्या दिवंगत आईविषयी भरभरून बोलत, म्हणून तिचे नाव गाण्यात आले. त्या आईचे माहेरचे नावही सारी मारेच!

आता गाण्यालाच साक्षीला बोलवा. त्यात 'खाकी' लोकांची, म्हणजे इंग्रज शिपायांची भीती आहे. ते पकडून समुद्रापार पाठवतील, असे गाणारा म्हणतो. 1880–81 च्या पहिल्या युद्धात इंग्रज पायदळ मुख्यतः लाल डगल्यात होते. युद्धकैद्यांना सेंट हेलेना, सिलोन, बर्म्युडा आणि हिंदुस्थानात धाडले गेले ते दुसऱ्या युद्धात. आपल्या अहमदनगरलाही (आताचे अहिल्यानगर) त्यांची छावणी होती. म्हणजे ही कडवी 1899 च्या आधीची असू शकत नाहीत. पण यावरून टूरिन यांचा दावा खोटा ठरतो का? नाही. जुन्या ध्रुपदाला नवी कडवी जोडली गेली असतील. कडव्याचे वय म्हणजे गाण्याचे वय नव्हे, एवढे लक्षात ठेवा.

नावाचे कोडे मात्र सुटत नाही. छापील गाण्यात आडनाव 'मराइस' असे लिहितात, पण शेवटचा स उच्चारत नाहीत. त्यामुळे ते 'मारे'सारखेच ऐकू येते आणि ऐकून लिहिणाऱ्याची गफलत सहज शक्य आहे. नदीही मदत करत नाही. मूई नावाची एक नदी ट्रान्सवालमध्ये आहे आणि दुसरी नातालमध्ये, जेथे नेल यांची आई राहत होती. ध्रुपदात ट्रान्सवाल आहे म्हणून पहिलीच नदी खरी, असे म्हणता येईल का? मला तो पुरावा कच्चा वाटतो, कारण ट्रान्सवाल तेथे टेनेसीच्या जागी बसले आहे.

पुढे हे गाणे बोअरांच्या अस्मितेचे चिन्ह झाले. टेनेसीतल्या त्या कृष्णवर्णीय माणसाचा त्यात मागमूस उरला नाही. आणि ज्या खाकीवाल्यांच्या भीतीने गाणारा पळाला, त्या ब्रिटनच्या रॉयल मरीन्स कमांडोंनी नंतर हीच चाल आपले संचलनगीत म्हणून घेतली. 'कमांडो' हा शब्दही त्यांच्याकडे बोअरांकडूनच आलेला.