पाण्यावर नजर ठेवणारे घुबड

मुळशी धरणाच्या परिसरात एखाद्या ओढ्याकाठी तिन्हीसांजेला खोल, घुमणारा हुंकार ऐकू आला, तर अपशकुन झाला असे समजू नये. जवळच्या जुन्या आंब्यावर मत्स्य घुबड जागे झालेले असू शकते. घुबड म्हटले की उंदरांचा शत्रू आपल्या डोळ्यांपुढे येतो. याचे मुख्य अन्न मात्र मासे, खेकडे आणि बेडूक.

हा पक्षी सुमारे दीड ते दोन फूट लांबीचा असतो. अंग तपकिरी, त्यावर गडद उभ्या रेघा, गळा पांढरा आणि डोळे पिवळेधमक. डोक्यावरील दोन तुरे कानांसारखे दिसतात, पण ती नुसती पिसे असतात.

आता त्याची तुलना गव्हाणी घुबडाशी करून पाहू. गव्हाणी घुबडाच्या पंखांच्या कडेला मऊ, कंगव्यासारखी झालर असते. त्यामुळे उडताना आवाज होत नाही आणि उंदीर सावध होत नाही. मत्स्य घुबडाला ही झालर नसते. असे का? हवेतील आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतांशी परावर्तित होतो. माशाला पंखांची चाहूल लागतच नाही, मग झालर हवी कशाला? पायांचेही तसेच. बहुतेक घुबडांचे पाय पिसांनी झाकलेले असतात. याचे पाय उघडे असल्याने भिजून जड होत नाहीत. बोटांखाली काटेरी खवले असतात. त्यामुळे निसरडा मासा सुटत नाही.

पाण्यावर झुकलेल्या फांदीवर किंवा दगडावर ते टपून बसते आणि पृष्ठभागाजवळ आलेला मासा झडप घालून उचलते. उथळ पाण्यात उतरून खेकडेही पकडते. हिवाळ्यात झाडाच्या ढोलीत किंवा कड्याच्या कपारीत मादी एक-दोन अंडी घालते.

म्हणजे या पक्ष्याला दोन गोष्टी हव्यात : स्वच्छ, जिवंत पाणी आणि काठावरची जुनी झाडे. यांपैकी एक जरी गेली, तरी घुबडही जाते. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार आणि विक्री यांवर बंदी आहे. पण काठावरचा जुना वृक्ष तोडला, तर शिकार न करताही आपण त्याला हुसकावतो.

विद्यार्थ्यांसह ओढ्याकाठी गेलात, तर मोठ्या झाडांखाली खेकड्यांच्या कवचांचे तुकडे आणि माशांचे खवले शोधा. घरट्याजवळ मात्र जाऊ नका. वर कोण राहते याचा अंदाज खाली पडलेल्या उष्ट्यावरूनही बांधता येतो.