रायफलचं हाडपेर

पुण्यात स्वारगेटच्या फलाटाला कोल्हापूरची एसटी लागते, तेव्हा नजरेत भरतात तिचा रंग, खिडक्या आणि गावाची पाटी. या सगळ्याच्या खाली असते तिची चॅसी. इंजिन, चाकं, दापोडीच्या कार्यशाळेत चढवलेली बॉडी आणि खंबाटकीचा घाट चढताना मागे कलणारे सगळे प्रवासी ती एकमेकांशी बांधून ठेवते. नेमबाजीच्या रायफललाही अशीच चॅसी असते. फरक इतकाच, की इथे बांधून ठेवायचं असतं एका बाजूला पोलाद आणि दुसऱ्या बाजूला जिवंत, श्वास घेणारं माणसाचं शरीर.

स्वारगेटहून कोल्हापूरला जाणारी ही वाट नेमबाजीच्या दृष्टीने मोठी भाग्याची आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोन, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकलं. ६० गोळ्यांत फक्त तीन गुण निसटले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता आणि पुण्यात बालेवाडीला सराव करायचा. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवलं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधल्या खाशाबा जाधवांच्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. अंतिम फेरीत ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण, म्हणजे गोळीमागे सरासरी १०.२६.

हा आकडा किती थोर आहे हे कळायला लक्ष्याची मापं पाहावी लागतात. ५० मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो १०.४ मिलिमीटर. पॉइंट टू टू या नावाने ओळखली जाणारी गोळी स्वतःच ५.६ मिलिमीटर जाडीची असते. गोळीची कड वर्तुळाला टेकली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून आठ मिलिमीटरच्या आत हवा. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात आणि दशांशाची प्रत्येक पायरी ०.८ मिलिमीटरची असते. १०.९ हवे असतील तर चूक ०.८ मिलिमीटरच्या आत राहिली पाहिजे. स्वप्नीलच्या गोळ्या मध्यापासून सरासरी साडेपाच-सहा मिलिमीटरवर लागत होत्या, त्याही ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत, छातीत धडधड चालू असताना.

आता हेच गणित उलटं, रायफलच्या बाजूने करून बघू. ५० मीटरवर आठ मिलिमीटर म्हणजे एका मीटरला ०.१६ मिलिमीटर. रायफल साधारण एक मीटर लांबीची धरली, तर खांद्याकडचं टोक स्थिर असताना नळीचं टोक ०.१६ मिलिमीटर सरकलं की नेम दहाच्या मध्यावरून थेट काठावर जातो. जाडसर केसाच्या दोन पदरांइतकं हे अंतर. तेवढी हालचाल झाल्याचं नेमबाजाला जाणवतसुद्धा नाही.

त्याहून नवलाची गोष्ट नळीच्या आत घडते. चाप दाबून दारू पेटल्यावर अडीच ग्रॅमच्या आसपास वजनाची गोळी नळीतून बाहेर पडायला अडीच-तीन मिलिसेकंद घेते. गोळी पुढे धावते, त्याच वेळी रायफल मागे सरकू लागते. दोघांच्या वजनांचं प्रमाण काढलं की उत्तर मिळतं: गोळी ६५ सेंटिमीटरची नळी पार करेपर्यंत आठ किलोची रायफल सुमारे ०.२ मिलिमीटर मागे आलेली असते. म्हणजे गोळी अजून नळीत असतानाच बंदूक हललेली असते! हा धक्का कुणालाच रोखता येत नाही. नेमबाजाच्या हातात एकच गोष्ट उरते: तो प्रत्येक वेळी हुबेहूब सारखा यावा. रायफलचं खांद्याला लागणारं टोक, म्हणजे बट, दोन मिलिमीटर वर टेकलं, गालाचा दाब थोडा वाढला, मनगट किंचित वळलं, की रायफल मागे येताना वेगळ्या दिशेने वळते आणि दहाचे नऊ होतात.

चॅसीचं खरं काम इथे सुरू होतं. चॅसी नळीची अचूकता वाढवत नाही. शरीर आणि पोलाद यांच्यातला सांधा ती प्रत्येक गोळीला तोच ठेवते.

पूर्वी हे काम अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता करायचा, आणि आजही उत्तम लाकडी दस्त्यांवर जीव असलेले नेमबाज आहेत. लाकूड हाताला ऊबदार लागतं, कंपनं शोषून घेतं. पण लाकूड हवेतला ओलावाही शोषतं. पुण्याच्या जुलैत ते फुगतं आणि एप्रिलच्या कोरड्या उन्हात आक्रसतं. दस्त्यात बसवलेल्या अॅक्शनवरचा, म्हणजे बोल्ट आणि चाप ज्यात असतात त्या पोलादी भागावरचा दाब त्यामुळे बदलतो. त्यावर उपाय म्हणून कारागीर अॅक्शनखाली इपॉक्सीचा थर ओतून नेमका साचा बनवतात. यालाच बेडिंग म्हणतात. अॅल्युमिनियमच्या चॅसीत हा साचा यंत्रावर कातलेला असतो आणि पावसाळा त्याला शिवत नाही. नळी मात्र कुठेही टेकू न घेता मोकळी तरंगत राहते.

अॅक्शन दस्त्यात साधारणपणे दोन स्क्रूंनी धरलेलं असतं. ते सोडवले की नळी आणि अॅक्शनचा जोड बाहेर येतो आणि दुसऱ्या उत्पादकाच्या चॅसीत बसवता येतो. जर्मनीतल्या उल्म शहरातल्या अनशुट्झ आणि वाल्थर या कंपन्या पूर्ण रायफल बनवतात, तर डॉर्टमुंडच्या एमईसीसारखे उत्पादक त्यांच्यासाठी वेगळे दस्ते आणि सुटे भाग तयार करतात. मग निवडायचं कसं?

पहिला प्रश्न रुक्ष, पण टाळता न येणारा: ही चॅसी आपल्या अॅक्शनला बसते का? काही अॅक्शन गोल असतात, काही चौकोनी. स्क्रूंमधलं अंतर वेगळं, चापाची जागा वेगळी. ‘थोडं घासून बसवू’ हा विचार इथे घातक आहे, कारण जबरदस्तीने आवळलेलं अॅक्शन वाकतं. स्क्रूसुद्धा अंदाजाने आवळायचे नसतात. ठरावीक जोरालाच थांबणारा टॉर्क पाना वापरायचा आणि तो आकडा वहीत लिहून ठेवायचा.

दुसरा प्रश्न शरीराचा, आणि सगळं सौंदर्य इथेच आहे. थ्री पोझिशनमध्ये एकच नेमबाज एकाच रायफलने आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं झोपून आणि शेवटी उभं राहून गोळ्या झाडतो. झोपलेला असताना मान पुढे ताणलेली असते, डोळा दर्शिकेच्या, म्हणजे नेम धरायच्या छिद्राच्या, जवळ येतो आणि पट्ट्याने बांधलेला डावा हात रायफलचा भार पेलतो. उभं राहिल्यावर पट्टा वापरता येत नाही. मग डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं, पाठीचा कणा मागे झुकतो, मान ताठ होते. माणूस एकच, पण नेमबाजीच्या दृष्टीने ती तीन वेगळी शरीरं असतात. म्हणून बट पुढे-मागे, वर-खाली, आडवं सरकायला हवं आणि थोडं फिरायलाही हवं. गालपट्टीची उंची बदलायला हवी. मुठीपासून चापापर्यंतचं अंतर बोटाच्या लांबीप्रमाणे जुळायला हवं. झोपून मारताना डाव्या हाताला अडवणारा हँडस्टॉप, उभं राहिल्यावर तळहाताखाली येणारा पाम रेस्ट, हे सगळं काही मिनिटांत बदलता यायला हवं.

या सगळ्या मापांमागे एकच तत्त्व आहे: भार स्नायूंनी नव्हे, हाडांनी पेलायचा. स्नायू थकतो, थरथरतो. हाडावर ठेवलेलं वजन शांत राहतं. नेमबाज डोळे मिटून रायफल खांद्याला लावतो, श्वास सोडतो आणि डोळे उघडतो. समोर लक्ष्य आपोआप आलेलं असेल तर मापं जुळली. मान वाकवावी लागली, खांदा उचलावा लागला, तर चॅसी कितीही महागडी असो, ती अजून त्याची झालेली नाही.

तिसरा प्रश्न वजनाचा. ५० मीटर प्रकारात सगळ्या सुट्या भागांसह रायफल आठ किलोंपेक्षा जड चालत नाही, स्त्री-पुरुष दोघांनाही हाच नियम. जड रायफल हळू डुलते आणि धक्का कमी देते, म्हणून आठाच्या जवळ जाण्याचा मोह होतो. पण तेवढं वजन घेऊन उभं राहण्याची ताकद नसेल तर शेवटच्या दहा गोळ्यांत हात बोलू लागतो. त्यामुळे मुळात हलकी चॅसी घेऊन तिच्यावर छोटी वजनं हव्या त्या ठिकाणी लावता येणं अधिक शहाणपणाचं. समतोलबिंदू डाव्या हाताच्या आसपास आला की रायफल हातावर ठेवल्यासारखी वाटते, धरल्यासारखी नाही.

चौथा प्रश्न लहान दिसतो, पण चांगली चॅसी ओळखायची खूण त्यातच आहे. प्रत्येक सरकणारा भाग सैल करा, हलवा आणि पुन्हा त्याच खुणेवर आणून आवळा. तो खरोखर तिथेच आला का? आवळताना थोडासा फिरला का? मिलिमीटरच्या खुणा ठसठशीत आहेत का? हवे तितके बदल होऊ शकतात, पण परत येता येत नाही, अशी चॅसी उपयोगाची नाही. स्पर्धेत तीन अवस्था बदलायच्या असतात, घड्याळ चालू असतं, बोटांना घाम असतो. तेव्हा वहीतला आकडा आणि चॅसीवरची खूण एवढाच आधार असतो.

शेवटी नळीलाच विचारायचं. चॅसी बदलण्याआधी रायफल भक्कम आधारावर ठेवून, एकाच लॉटच्या गोळ्यांनी गट, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका, मारून पाहायचा. बदलल्यावर पुन्हा तसंच करायचं. गट विखुरला तर बेडिंग किंवा स्क्रू तपासायचे. गट तसाच राहिला आणि खांद्यावरून मारताना गुण वाढले, तर नवी चॅसी शरीराला मानवली.

भारतात हे सगळं १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ च्या शस्त्र नियमांच्या चौकटीत, रायफल क्लब आणि राष्ट्रीय रायफल संघटनेच्या वाटेने चालतं. १९५१ साली ही संघटना उभी राहिली ती लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही देशभरातल्या नवोदित नेमबाजांची परीक्षा घेते. क्लबच्या वाटेचा मोठा फायदा असा, की खरेदीआधी वरिष्ठ नेमबाजाची रायफल प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली खांद्याला लावून पाहता येते. स्वप्नीलच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये याच थ्री पोझिशन प्रकारात उतरल्या होत्या. अशी नजर जवळ असेल तर ती शरीर बघून सांगते की बट चार मिलिमीटर खाली हवं. हे ज्ञान कोणत्याही चॅसीबरोबर खोक्यात येत नाही. म्हणून नवशिक्याने पैसे आधी प्रशिक्षणावर आणि चांगल्या गोळ्यांवर खर्च करावेत. शरीराची ठेवण पक्की झाल्याशिवाय मापं पक्की होत नाहीत.

मला या खेळाचं सर्वांत मोठं नवल वाटतं ते याच गोष्टीचं. बहुतेक खेळ आधी शरीर निवडतात: उंच, रुंद, वेगवान. नेमबाजीत चौदा वर्षांची मुलगी आणि सहा फुटी जवान एकाच बनावटीची चॅसी वापरू शकतात. खुणा तेवढ्या वेगळ्या असतात. मुलगी वाढत जाते तशी बटची खूण एक-एक मिलिमीटर मागे सरकते आणि रायफल तिच्याबरोबर वाढते. राधानगरीच्या खेड्यातलं पोर असो की पुण्याच्या पेठेतलं, पोलादाला त्याच्या हाडांशी जुळवून घ्यावं लागतं. कुणाचंही शरीर या खेळासाठी चुकीच्या मापाचं नसतं.