मावळत नाही तो उन्हाळा

उन्हाळा म्हटला की आपल्याकडे कुरडया, लोणची आणि घामाच्या धारा! स्वीडनमध्ये मात्र, आपण पावसाची पाहतो तशी, उन्हाळ्याची वाट पाहतात. यांच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षे स्टॉकहोमला होतो. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहाला मावळतो नि पहाटे साडेतीनला पुन्हा हजर. मुलांना झोपवायचे कसे, सांगा!

पहिला हिवाळा मी खिडकीशी बसून काढला. बोलायला कुणीच नाही. उन्हे आली तशी शेजारीण धावायला बोलावू लागली. दोन मुलांच्या आईने धावायचे? तेही पंजाबी ड्रेस घालून? पण यूरगोर्डन बेटावरच्या झाडीत रोज धावता-चालता पाच-सहा मैत्रिणी मिळाल्या. साठीची एक आजी तर कायम माझ्या पुढे! १९८४ पासून तिथे बायकांची ‘शेयमीलेन’ ही शर्यत होते. नावाचा अर्थ ‘मुलींचा मैल’; मात्र तिथला मैल दहा किलोमीटरचा. मी तो पुरा केला. वेळ विचारू नका.

जूनच्या १९ ते २५ तारखांमधल्या शुक्रवारी ‘मिडसोमार’चा सण. फुलापानांनी सजवलेल्या खांबाभोवती फेर धरतात, आजोबासुद्धा बेडकासारख्या उड्या मारतात. जेवणात खारवलेले मासे, स्ट्रॉबेरी आणि शेपू घालून उकडलेले कोवळे बटाटे. परदेशात शेपू! मी तीनदा वाढून घेतले.

सुटीत तंबू घेऊन फिरलो. घरांपासून दूर, रानात एखादी रात्र राहायला तिथे कुणाची हरकत नसते.

आता इथे पहाटे शाळेच्या मैदानावर धावते. दोघी बाई सोबत येतात. तिसरीच्या सासूबाई अजून हो म्हणायच्या आहेत.