पायथन, जावा की जावास्क्रिप्ट? आधी काय बनवायचंय ते ठरवा

सॉफ्टवेअरमध्ये करिअर करायचं म्हटलं की पहिला प्रश्न हाच, "कोणती लँग्वेज शिकू?" मी उलट विचारतो, तुम्हाला बनवायचं काय आहे?

अँड्रॉइड ॲप बनवायचं असेल तर कोटलिन. गुगलने २०१९ पासून अँड्रॉइडसाठी हीच भाषा पुढे ठेवली आहे. आयफोनसाठी ॲपलची स्विफ्ट. वेबसाइट करायच्या असतील तर जावास्क्रिप्टशिवाय गत्यंतर नाही. डेटा आणि एआयचं बरंचसं काम पायथनमध्ये चालतं. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर १९९५ साली आलेली जावा अजूनही ठाण मांडून आहे. (जावा आणि जावास्क्रिप्ट या वेगळ्या भाषा आहेत बरं का, नावावर जाऊ नका.)

अजून काहीच ठरलं नसेल तर? माझं मत, पायथनपासून सुरुवात करा. लिहायला सोपी आहे.

पण खरी चूक भाषा निवडताना होत नाही, ती पुढे होते. "सहा महिन्यांत पाच भाषा" अशा जाहिराती बघून पोरं फी भरतात आणि प्रत्येक भाषेत 'हॅलो वर्ल्ड'च्या पुढे जात नाहीत. मीही हे केलंय. इंटरव्ह्यूमध्ये साधी यादी उलटी करायला सांगितली तेव्हा पाचही भाषा आठवल्या, पण उत्तर एकातही जमलं नाही.

लूप, फंक्शन, कंडिशन एकदा डोक्यात बसले की दुसऱ्या भाषेत तेच वेगळ्या रूपात भेटतात. फरक असतो तो बारकाव्यांचा. अवतरणचिन्हात लिहिलेल्या "५" मध्ये आकडा २ मिळवला तर जावास्क्रिप्ट गुपचूप "५२" देते, पायथन मात्र एरर दाखवून थांबते. एक भाषा पक्की असेल तर असे फरक चटकन कळतात.

लॅपटॉप नाही? अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड ३ टाका, पायथन त्यात चालतं. छोट्या स्क्रीनवर कंस आणि स्पेस टाइप करताना वैताग येतो, मोठा प्रोजेक्टही जमणार नाही, पण पहिले दोन-तीन महिने निघतात. सुरुवातीला मेसच्या खर्चाचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम लिहा, व्हिडिओ न बघता.

आणि हो, कुठलीही भाषा निवडा, सोबत एसक्यूएल शिकाच. ॲप असो वा वेबसाइट, माहिती शेवटी डेटाबेसमधूनच काढावी लागते.