भिंगातून जग पाहणारी मेरी वॉर्ड

फुलपाखरू चिमटीत धरलं की बोटांना रंगीत भुकटी लागते, हे आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलंय. खरं तर ती भुकटी नसतेच. छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले बारीक खवले असतात ते. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. हे बारकं जग हौसेनं पाहणाऱ्या आणि दुसऱ्यांना दाखवणाऱ्या आयर्लंडमधल्या एका बाईची ही गोष्ट.

मेरी किंग १८२७ साली फरबेन गावाजवळच्या बड्या जमीनदार घरात जन्मली. शिक्षण घरीच झालं. किडे गोळा करायचे, भिंगातून निरखायचे, त्यांची चित्रं काढायची हा तिचा लहानपणापासूनचा नाद. घरी आलेल्या जेम्स साऊथ या खगोलशास्त्रज्ञांनी ते पाहिलं आणि वडिलांना म्हणाले, पोरीला सूक्ष्मदर्शक घेऊन द्या. वडिलांनी घेतला. तेव्हा ती १८ वर्षांची होती. नमुने ठेवायला काच सहज मिळेना, म्हणून तिनं हस्तिदंताच्या पातळ पट्ट्या वापरल्या. काच नाही म्हणून हस्तिदंत, ही श्रीमंताघरचीच अडचण म्हणा! पण पैसा असला तरी बाईला विद्यापीठाची पदवी मिळत नव्हती, की बहुतेक विज्ञानसंस्थांचं सभासद होता येत नव्हतं.

१८५४ साली हेन्री वॉर्ड यांच्याशी लग्न झालं. पुढे आठ मुलं झाली, तरी सूक्ष्मदर्शक सुटला नाही. आपण पाहिलेलं तिनं लिहून काढलं, चित्रंही स्वतःच काढली. पण बाईचं पुस्तक कोण प्रकाशक घेणार? म्हणून १८५७ साली तिनं स्वतःच २५० प्रती छापून घेतल्या आणि जाहिरातीची पत्रकं वाटली. थोड्याच आठवड्यांत सगळ्या प्रती संपल्या! मग मात्र लंडनचा प्रकाशक पुढे आला. १८५८ पासून ते पुस्तक नव्या नावानं पुन्हा पुन्हा छापलं गेलं. डेव्हिड ब्रूस्टर यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञानंही आपल्या लेखनासाठी तिच्याकडून चित्रं काढून घेतली.

३१ ऑगस्ट १८६९ रोजी ती नात्यातल्या मंडळींनी बनवलेल्या वाफेच्या गाडीत बसली होती. वळणावर ती खाली पडली, अंगावरून चाक गेलं. वय अवघं ४२. मोटारीसारख्या गाडीनं झालेल्या जगातल्या अगदी पहिल्या मृत्यूंमध्ये तिचं नाव घेतात, आणि पुष्कळांना ती तेवढ्यापुरतीच माहीत असते.

तिचा सूक्ष्मदर्शक आणि तिनं तयार केलेले नमुने आज उत्तर आयर्लंडमधल्या कॅसल वॉर्ड या तिच्या सासरच्या वाड्यात लोकांना पाहायला ठेवले आहेत.