जुना संगणक आणि निर्लेखनाची घाई

कोणत्याही महाविद्यालयाच्या कार्यालयात सकाळी साडेदहाच्या सुमारास एक दृश्य हमखास दिसते. लिपिकाने संगणकाचे बटण दाबलेले असते, पडद्यावर एक वर्तुळ गरगरत असते आणि खिडकीबाहेर बोनाफाईड दाखल्यासाठी आलेल्या विद्यार्थ्यांची रांग वाढत असते. यंत्र कामाला लागेपर्यंत पाच-सात मिनिटे सहज जातात. पुढे प्रत्येक फाईल उघडताना तोच अनुभव. काही महिन्यांनी ‘यंत्र म्हातारे झाले’ असे निदान होते, जडसंग्रह नोंदवहीतून ते निर्लेखनाच्या यादीत जाते आणि नव्या खरेदीचा प्रस्ताव तयार होतो. हे निदान पुष्कळदा चुकीचे असते आणि म्हणूनच त्यावरचा उपायही अकारण खर्चिक ठरतो.

व्याधीचे मूळ

दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेल्या संगणकाचा प्रोसेसर आजही सेकंदाला अब्जावधी क्रिया करू शकतो. पत्रव्यवहार, वेतनपत्रके, गुणपत्रकांचे तक्ते यांसाठी ही शक्ती पुरून उरते. अडचण आहे ती माहिती साठवणाऱ्या हार्ड डिस्कची. फिरती तबकडी आणि तिच्यावर मागेपुढे सरकणारा दांडा हे तत्त्व आयबीएमने १९५६ साली प्रथम बाजारात आणले. त्या यंत्रात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांत सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. पुढे तबकडी तळहाताएवढी झाली, साठवण लाखो पटींनी वाढली. परंतु तत्त्व तेच राहिले. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेरीस आठ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. त्यात दांडा हलण्याचा वेळ मिळवला की विखुरलेल्या मागण्या सेकंदाला जेमतेम शंभरच्या आसपास पुऱ्या होतात. संगणक सुरू होताना मात्र अशा हजारो लहान मागण्या एकाच वेळी येतात. खळ्यावर मळणीयंत्र दणकट असावे आणि पेंढ्या वाहणारा गडी एकच असावा, तशी ही अवस्था होय.

सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये, म्हणजे बोलण्यात रुळलेल्या एसएसडीमध्ये, हलणारा भागच नसतो. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेल्या फ्लॅश स्मृतीवर ती आधारलेली आहे. येथे मागणीला उत्तर मिळण्यास मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. जुन्या संगणकातील हार्ड डिस्क ज्या साटा केबलला जोडलेली असते, त्याच केबलला ही ड्राइव्ह बसते. जुन्या डिस्कवरील मजकूर जसाच्या तसा तिच्यावर उतरवून घेता येतो. सारे काम दुपारभरात आटोपते आणि मिनिटांची प्रतीक्षा सेकंदांवर येते.

वहीतले वय, वापरातले वय

प्राप्तिकराच्या नियमांनुसार संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा धरला जातो. या हिशेबाने पाच वर्षांत मूळ किमतीचा आठ टक्क्यांहूनही कमी भाग वहीत उरतो. तथापि घसारा ही करआकारणीची सोय आहे, यंत्राच्या कार्यक्षमतेचे मोजमाप नव्हे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे: आणखी एक रुपया कोठे खर्च केला असता सर्वाधिक लाभ होईल? अडलेल्या एका भागावर खर्च केल्यास लागणारी रक्कम नव्या यंत्राच्या किमतीचा लहानसा अंश असते. दररोज केवळ पंधरा मिनिटे वाया जातात असे धरले, तरी वर्षाच्या अडीचशे कामाच्या दिवसांत साडेबासष्ट तास, म्हणजे एका कर्मचाऱ्याचे जवळजवळ आठ दिवस होतात. रांगेत उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांचा वेळ तर कोणत्याच वहीत चढत नाही.

याला आणखी एक बाजू आहे. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४ साली पुढे आलेल्या अभ्यासानुसार, त्या काळचा एक संगणक आणि त्याचा पडदा तयार करण्यास किमान २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायने आणि दीड टन पाणी खर्ची पडत असे. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील २२.३ टक्के कचऱ्याचेच रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. चालते यंत्र टाकून देणे म्हणजे या ढिगात जाणूनबुजून भर घालणे होय.

मर्यादांचे भान

अर्थात, एसएसडी ही संजीवनी नव्हे. संगणकात रॅम अपुरी असेल तर तीही वाढवावी लागते. चलच्चित्रांच्या संपादनासारख्या कामात प्रोसेसरच थकत असेल, तर डिस्क बदलून फारसे साधत नाही. अधिक गंभीर मुद्दा सुरक्षिततेचा आहे. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ची अट इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर पुरी करू शकत नाहीत. एसएसडी अशा यंत्राला वेग देईल, सुरक्षितता देणार नाही. तेथे उबंटूसारखी मुक्त प्रणाली हा व्यवहार्य मार्ग आहे. केरळच्या शासकीय शाळांतील संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवरच उभे आहे. मात्र कार्यालयाची एखादी आवश्यक प्रणाली विंडोजवाचून चालतच नसेल, तर ते यंत्र ग्रंथालयात वा विद्यार्थ्यांच्या सरावासाठी वापरणेच इष्ट. शिवाय जुनी हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी पुष्कळदा कुरकुरते. एसएसडी मात्र पूर्वसूचनेविनाही बंद पडू शकते. म्हणून महत्त्वाच्या अभिलेखांची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे अपरिहार्य आहे.

या मर्यादा मान्य करूनही मूळ प्रश्न उरतोच. संस्थांमध्ये मार्चअखेर अनुदान खर्ची टाकण्याची घाई असते आणि दुरुस्तीपेक्षा खरेदी डोळ्यांत भरते. परिणामी एका खोलीत नवी यंत्रे येतात आणि शेजारच्या खोलीत सुधारता येण्याजोगी यंत्रे धूळ खात पडतात. विद्यार्थ्यांना सरावासाठी संगणक मात्र अपुरेच राहतात. यासाठी एखाद्या नव्या योजनेची गरज नाही. निर्लेखनाच्या प्रस्तावात एक रकाना वाढवला तरी पुरे: ‘यंत्राचा कोणता भाग बदलल्यास ते कामास येईल आणि त्यास खर्च किती?’ या रकान्याचे प्रामाणिक उत्तर लिहिले गेले, तर निर्लेखनाच्या यादीतील कित्येक यंत्रे पुन्हा टेबलावर येतील आणि खिडकीबाहेरची रांगही थोडी लवकर पुढे सरकेल.